एकदाच हलणारा फोन

चियातुरात माझं दुकान, फोन दुरुस्तीचं,
जुन्या रोपवेच्या खालच्या स्टेशनाला चिकटून.
एल्गुजा आला तेव्हा फोन रुमालात गुंडाळलेला,
घरट्यातून पडलेलं पिल्लू आणावं तसा.
'बिघडलाय,' म्हणाला.
मी तपासला. ठणठणीत होता.

बिघाड बोटांत होता.
तो एक टिचकी मारी, फोन तीन मोजी.
वीज कंपनीला त्यानं सात लाल बदाम पाठवले होते,
आणि एका पहाटे अग्निशमन दलाला उठवलं होतं.
तेही चाललं असतं म्हणे.
अडलं होतं ते नार्दीपाशी, फाशांच्या पटापाशी.
रोज रात्री आठला, सलोनिकीतल्या ममुकाबरोबर,
चाळीस वर्षांचा डाव, आता फोनवर.
फासे टाकायचे तर फोन हलवायचा.
त्याच्या हातात फोन थांबतच नव्हता.
फासे गडगडत राहायचे, गडगडत राहायचे,
आणि पलीकडून ममुका लिहायचा,
'टाक ना लेका, किती दिवस भिजत घोंगडं?'

खाणीच्या बंद ऑफिसातला एक डेस्कटॉप होता माझ्याकडे,
पंखा असा घोरायचा की गिऱ्हाईक विचारी, आत कोण झोपलंय.
त्यात मी एम्युलेटर भरला.
'हे काय करतं?'
'फोन असल्याचं सोंग.'
'कुणासमोर?'
'ॲपसमोर. त्याला वाटतं, आपण कुणाच्या तरी तळहातावर आहोत.'
एल्गुजा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला.
'बिचारं,' म्हणाला.

सोंग बाकी बेमालूम.
बॅटरी कायम शंभर टक्के.
सिमकार्ड नाही, पण नेटवर्कच्या दांड्या भरलेल्या.
पत्ता कॅलिफोर्नियाचा. मी टाचणी उचलून चियातुरात रोवणार
तर म्हणाला, राहू दे, ग्वांत्सा.
एकतीस वर्षं डबा चालवला मी या दरीवर,
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
आणि रात्री जिथल्या तिथे.
एकदा तरी लांब जाऊन बसू दे.

फक्त बँकेचं ॲप फसलं नाही.
उघडताक्षणी ओळखलं त्यानं, दार लावून घेतलं.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही,
हे त्यालाही कुणीतरी शिकवलेलं.
पेन्शन मग खिडकीवरच, रांगेत उभं राहून.

आठ वाजले.
मेनूत एक ओळ होती: 'हलवा'.
ती मी स्पेसबारला बांधली
आणि कीबोर्डला बजावलं,
दोन सेकंदांत कितीही ठोके पडोत,
एकच धर.
एल्गुजानं बोट ठेवलं. बोट नाचत होतं, नेहमीसारखं.
फोन, जो नव्हताच,
एकदा हलला
आणि थांबला.
फासेही थांबले. सहा, सहा.
'दुशाश!' असा ओरडला
की शेजारचा बेकरीवाला पिठाच्या हातांनी धावत आला.
पण मला आठवतं ते त्याआधीचं क्षणभर,
ओरडण्यापूर्वीचं,
जेव्हा तो आकडे बघत नव्हता,
नुसतं ते थांबणं बघत होता.

ममुकानं लिहिलं, हात बरा झाला वाटतं.
एल्गुजानं माझ्याकडून टाइप करून घेतलं,
औषध लागू पडलं.

मग एका गुरुवारी ममुकाला तोंड बघायची हुक्की आली.
व्हिडिओ लागला. डेस्कटॉपला कॅमेरा नाही;
एम्युलेटरनं आपल्या पदरचं दृश्य पुढे केलं:
कुणाची तरी बैठकीची खोली, कोच, टीव्ही,
गालिच्यावर बसलेला एक कुत्रा,
कुठे धुळीचा कण नाही.
ममुकानं चष्मा पुसला, पुन्हा लावला.
'एल्गुजा, घर बदललंस?'
मग, जरा थांबून,
'आणि कुत्रा कधी पाळलास?'

मी खरं काय ते टाइप करणार होते.
त्यानं हात माझ्या मनगटावर ठेवला.
माझंही मनगट थरथरू लागलं.
'लिही,' म्हणाला, 'चावत नाही.
तू फासे टाक.'